मधुमेहाचा सहावा उपद्रव

आपल्या मंडळाच्या गणपतीत हल्ली चहाचे दोन थर्मास असतात. एकावर 'साखर' आणि दुसऱ्यावर 'बिनसाखर' अशी चिठ्ठी असते, आणि बिनसाखरेचा आधी संपतो. मधुमेह ही आता आपल्यात लपवायची गोष्ट राहिलेली नाही. कोण किती मेटफॉर्मिन घेतो, कोणाला इन्सुलिन सुरू झाले, कोणाची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे ती एचबीए१सी, सातच्या खाली आली, हे आपण जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या एकमेकांना सांगतो. डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा, पायाला जखम होऊ द्यायची नाही, वर्षातून एकदा मूत्रपिंडाची तपासणी करायची, हेही बहुतेकांना पाठ आहे. तोंडाचे मात्र तसे नाही. दातांचा विषय निघाला की गप्पा डेंटिस्टच्या बिलावर येतात आणि तिथेच अडतात. हिरड्यांतून रक्त येते ते ब्रश कडक आहे म्हणून, दात हलतात ते वय झाले म्हणून, आणि तोंड कोरडे पडते ते हीटरच्या हवेमुळे, अशी आपली उत्तरे तयार असतात.

या तिन्ही गोष्टींचा रक्तातल्या साखरेशी संबंध असू शकतो. हा संबंध काही आजकाल कळलेला नाही. तो फार पूर्वी एकदा लक्षात आला, मग विसरला गेला, मग भलत्याच टोकाला नेला गेला, चिडून टाकून दिला गेला, आणि गेल्या साठेक वर्षांत मोजूनमापून पुन्हा पुढे आला. ती हकीकत आम्हांला इथे सांगायची आहे, कारण आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांचे दात त्या हकीकतीत सापडलेले आहेत.

सुरुवात आपल्याकडच्या वैद्यकापासून करू. माधवकराचा 'माधवनिदान' हा ग्रंथ सातव्या-आठव्या शतकातला मानतात. रोग ओळखायचा कसा एवढाच त्याचा विषय. प्रमेह पुरता प्रकट होण्याआधी कोणती चिन्हे दिसतात ती त्यात सांगितली आहेत. हातापायांची आग होणे, अंग चिकट लागणे, तहान लागणे, तोंडाला गोड चव येणे ही तर आहेतच. पण यादीच्या अगदी सुरुवातीला आहे ते दातांवर मळ साचणे. त्याच्या आधी सुश्रुतानेही टाळू, गळा, जीभ आणि दात यांवर मळ धरणे हे प्रमेहाचे पूर्वचिन्ह म्हणून नोंदवले होते, आणि चरकाने तोंड, टाळू व घसा यांना पडणारी कोरड. लघवीला मुंग्या लागतात ही चरकाची नोंद तर आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होती.

पूर्वजांना सगळे कळत होते असा टेंभा मिरवण्याचा आमचा विचार नाही. प्रमेह या एका नावाखाली त्यांनी वीस प्रकार घातले होते, त्यांतला मधुमेह हा एक. स्वादुपिंडाचा याच्याशी काही संबंध असेल ही कल्पनाही नव्हती. पण वैद्य रोग्याला पाही तेव्हा जीभ, दात, तळपाय आणि लघवी ही सगळी एकाच माणसाची म्हणून पाही. दात पाहणारा वेगळा आणि बाकीचे शरीर पाहणारा वेगळा अशी वाटणी झालेली नव्हती, म्हणून ही खूण त्याच्या नजरेत भरली. दिनचर्या सांगताना चरकाने तुरट, कडू किंवा तिखट काडीने, हिरड्यांना इजा न करता, दिवसातून दोनदा दात घासायला सांगितले आणि जीभ खरवडायलाही. दोनदा हा आकडा आजचा दंतवैद्यही सांगतो.

पुढे आपल्या घरांतून काडी गेली आणि राखुंडी आली. पुष्कळ घरांत, विशेषतः बायकांत, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरीही आली. दात घासण्याचे निमित्त आणि तलफेची सोय, असा तो दुहेरी मामला. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारत सरकारने १९९२ साली बंदी केली. घरच्या तव्यापर्यंत कायदा कुठून पोहोचणार! हिरड्यांचे सर्वांत मोठे शत्रू कोणते असे विचारले तर आज तंबाखू आणि अनावर साखर अशी दोनच नावे आधी घेतली जातात. आपल्या कित्येक आज्यांच्या तोंडात हे दोन्ही शत्रू एकत्र नांदत होते, आणि पन्नाशीत बोळके झाले ते 'वयाने' असे सगळे समजत होते.

युरोपात मधुमेह्याच्या लघवीचा गोडवा १६७४ साली लंडनच्या थॉमस विलिसने लिहून ठेवला आणि १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने तो गोडवा साखरेचाच आहे, आणि ती साखर रक्तातही असते, हे दाखवले. एकोणिसाव्या शतकात मधुमेह्यांचे दात सैल होऊन पडतात ही नोंदही तिकडच्या वैद्यांनी केली. हिरड्यांतून पू येऊन दात हलू लागण्याच्या या रोगाला त्या काळात पायोरिया हे नाव पडले. आपल्या आईवडिलांच्या पिढीला तोच शब्द माहीत आहे. आता डॉक्टर पेरिओडोन्टायटिस म्हणतात; रोग तोच.

म्हणजे धागा पुन्हा हाती लागला होता. तो सुटला त्याचे एक कारण अमेरिकेत घडले. जगातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय १८४० साली बाल्टिमोरला निघाले. होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस हे त्याचे संस्थापक. त्यांनी आधी मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दंतवैद्यक शिकवण्याची विनंती केली आणि प्राध्यापकांनी ती धुडकावली, अशी गोष्ट दंतवैद्य पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. इतिहासकारांना तिचा भक्कम कागदोपत्री पुरावा मिळालेला नाही. पण गोष्ट खरी असो वा नसो, वाटणी मात्र खरी झाली. दातांचे महाविद्यालय वेगळे, पदवी वेगळी, दवाखाना वेगळा. दंतवैद्यांचा त्यात फायदाच झाला. न्हाव्याच्या आणि बाजारातल्या दात उपटणाऱ्याच्या पंगतीतून उठून त्यांनी स्वतःचे शास्त्र उभे केले. तोटा झाला तो रोग्याचा. त्याची साखर एका फायलीत आणि हिरड्या दुसऱ्या फायलीत गेल्या, आणि या दोन फायली एका टेबलावर कधी आल्याच नाहीत. (बाल्टिमोरचे ते महाविद्यालय विसाव्या शतकात मेरीलँड विद्यापीठातच विलीन झाले, ही त्यातली गंमत.)

भारतात हाच साचा आला. डॉ. रफिउद्दीन अहमद हे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात शिकून परत गेले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्याला देशातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. दंतवैद्यांचा वेगळा कायदा १९४८ साली झाला. तेव्हापासून आपल्या बोलण्यातही 'डॉक्टर' आणि 'दाताचा डॉक्टर' हे दोन वेगळे प्राणी आहेत.

वाटणी झाल्यानंतर तोंड आणि शरीर यांना पुन्हा एकत्र आणण्याचा पहिला प्रयत्न झाला, आणि तो भलताच महागात पडला. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखच्या परंपरेत काम करणारा अमेरिकन दंतवैद्य डब्ल्यू. डी. मिलर याने १८९० च्या सुमारास तोंडातल्या जंतूंचा अभ्यास करून असे मांडले की, दुसरीकडच्या रोगांचे मूळ तोंडात असू शकते. विचार चांगला होता. पण १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरांनी मॉन्ट्रियलला मॅकगिल विद्यापीठात व्याख्यान दिले आणि सडक्या मुळांवर सोन्याचे सुंदर कॅप बसवण्याच्या दंतवैद्यकावर कडाडून टीका केली. त्यानंतर अमेरिकेत एक लाटच उसळली. सांधे दुखतात? दात काढा. पोट बिघडते? दात काढा. थकवा आहे? मग तर सगळेच काढा! या लाटेचे सर्वांत भयंकर टोक न्यू जर्सीत ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात दिसले. तिथले प्रमुख डॉ. हेन्री कॉटन यांची अशी खात्री होती की वेडाचे मूळ जंतुसंसर्गात आहे. त्यांनी रुग्णांचे हजारो दात उपटवले. तेवढ्याने भागले नाही तेव्हा टॉन्सिल्स आणि मग आतड्यांचे भागही काढले, आणि त्या शस्त्रक्रियांत पुष्कळ रुग्ण दगावले. त्यांनी स्वतःच्या मुलांचे दातही काढवले होते. म्हणजे माणूस लबाड नव्हता, त्याचा पक्का विश्वास होता. लबाडापेक्षा असा माणूस जास्त धोक्याचा, असे आमचे मत.

याच सुमारास, ११ जानेवारी १९२२ रोजी, टोरोंटोला लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याआधी मधुमेह्यावरची कोणतीही शस्त्रक्रिया, दात काढण्यासारखी लहानसुद्धा, जोखमीची समजत. 'साखर आहे, दात काढू नका, जखम भरत नाही' हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येते ते त्या काळचे आहे. तेव्हा त्यात तथ्य होते. आज साखर ताब्यात असली तर दात काढता येतो आणि जखम भरतेही. सडका दात तोंडात ठेवून देणे हे जास्त वाईट.

दात उपटण्याची लाट १९४० च्या आसपास ओसरली. १९३८ साली सांधेदुखीच्या दोनशे रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि दात-टॉन्सिल्स काढून फायदा होत नाही हे त्यातून स्पष्ट झाले. डॉक्टर मंडळी शरमली आणि त्यांनी तोंडाकडे पाहणेच सोडले. पुढची कित्येक वर्षे कोणी 'हिरड्यांचा शरीराशी संबंध' असे म्हटले की त्याला जुन्या दात-उपट्यांच्या रांगेत बसवले जाई.

आता १९६५ हे साल पाहा. आपल्या दृष्टीने ते साल फार मोठे, कारण त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेचा नवा इमिग्रेशन कायदा झाला आणि आपल्या पहिल्या पिढीतले डॉक्टर, इंजिनिअर इथे येऊ शकले. त्याच वर्षीच्या जुलैत मेडिकेअरचा कायदा झाला होता. म्हातारपणीच्या औषधपाण्याची सोय झाली, पण दातांची निगा, दात भरणे, काढणे, कवळी बसवणे हे सगळे त्या कायद्याने बाहेर ठेवले. बाल्टिमोरची वाटणी अशी कायद्यात उतरली. अलीकडे, २०२३ पासून, हृदयाची झडप बदलणे किंवा अवयवरोपण अशा मोजक्या उपचारांशी निगडित दातांचे काम मेडिकेअर देऊ लागले. साध्या मधुमेह्याच्या हिरड्या मात्र बाहेरच राहिल्या. ज्या पिढीला १९६५ च्या एका कायद्याने आत घेतले, तिच्याच तोंडाला त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने दारातच उभे केले.

त्याच १९६५ साली डेन्मार्कमध्ये आर्हुस इथे हाराल्ड ल्यो या नॉर्वेजियन दंतवैद्याने एक अगदी साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना, त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, त्याने दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावले आणि साधारण आठवड्याभरात सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. दातांवर साचणारा तो मऊ, पिवळट थर हेच हिरडी सुजण्याचे कारण, हे यातून कायमचे ठरले. ज्यांच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येते ते लोक घाबरून त्या जागी घासायचे टाळतात. ल्योच्या बारा जणांनी याचे उत्तर दिले आहे: तिथेच, मऊ ब्रशने, नीट घासायचे असते. टाळले की थर वाढतो, त्याचे कडक कीटण होते आणि रक्त अधिकच येते.

पण सुजलेली हिरडी वेगळी आणि हाड झिजून हलणारा दात वेगळा. एकापासून दुसऱ्यापर्यंत सगळेच जातात का? हे पाहायला ल्यो १९७० साली श्रीलंकेतल्या चहामळ्यांत गेला. तिथल्या ४८० तमिळ मजुरांची त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली आणि पुढे पंधरा वर्षे ते पुन्हा पुन्हा तपासत राहिले. हे मजूर म्हणजे इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ मुलखातून नेलेल्यांचे वंशज. पिढ्यान् पिढ्या तिथे राबूनही १९४८ च्या कायद्याने त्यांच्यातल्या बहुसंख्यांना सिलोनचे नागरिकत्व नाकारले होते. टूथब्रश नाही, दंतवैद्य नाही. म्हणूनच संशोधकांना ते सोयीचे. रोग अडवला नाही तर तो कसा वाढतो हे त्यांच्या तोंडात दिसत होते. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही माहिती वापरताना ती कोणाच्या तोंडातून आली हे ध्यानात ठेवायला हवे, असे आम्हांला वाटते.

निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले आणि ते चकित करणारे होते. कीटण सगळ्यांच्याच दातांवर भरपूर होते. तरी ११ टक्के लोकांचा रोग हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. ८१ टक्क्यांचा सावकाश वाढला. उरलेल्या ८ टक्क्यांचा मात्र झपाट्याने: पस्तिसाव्या वर्षापर्यंत सरासरी बारा दात गेलेले, चाळिशीत वीस, आणि पंचेचाळिशीत तोंडाचे बोळके. मळ सारखा, मग दैव वेगळे का? याचा अर्थ असा की जंतूंइतकाच प्रश्न शरीर त्यांना कसे तोंड देते याचाही आहे. शरीराचा तो प्रतिकार कशाने बिघडतो, हा प्रश्न मग आपोआप पुढे आला.

मधुमेहाच्या बाबतीत त्याचे उत्तर ॲरिझोनात मिळाले. फीनिक्सच्या दक्षिणेला गिला नदीकाठी राहणारे अकिमेल ओऽओधाम लोक, ज्यांना बाहेरचे लोक पिमा म्हणत, हे मूळचे पाटाच्या पाण्यावर शेती करणारे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी नदीचे पाणी वळवले, यांची शेते सुकली, उपासमार झाली, आणि पुढे सरकारी शिध्यावर दिवस काढावे लागले. (पाण्यावरचा त्यांचा हक्क मान्य करणारा कायदा व्हायला २००४ साल उजाडले.) विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्यात मधुमेह इतका पसरला की पस्तिशीपुढची निम्मी माणसे मधुमेही. १९६५ साली, पुन्हा तेच साल, अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यांच्यात दीर्घकाळचा अभ्यास सुरू केला आणि १९८० नंतर त्यात दातांच्या तपासण्या जोडल्या गेल्या. प्रथमच साखरेची फाइल आणि हिरड्यांची फाइल एका टेबलावर आली. १९९० साली आकडे बाहेर आले: मधुमेह असलेल्यांत हिरड्यांचा गंभीर रोग नव्याने होण्याचे प्रमाण मधुमेह नसलेल्यांच्या २.६ पट.

ल्यो तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय दंत-संशोधन संस्थेचा संचालक होता. १९९३ साली त्याने 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात लेख लिहिला आणि हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले. पहिले पाच डॉक्टरांना पाठ होते: डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा. 'माधवनिदाना'नंतर बाराएकशे वर्षांनी तोंड पुन्हा यादीत आले.

गिला नदीच्या लोकांकडून आणखी एक गोष्ट कळली, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. रस्ता दुहेरी आहे. १९९६ साली दिसले की ज्यांच्या हिरड्या आधीच फार बिघडलेल्या होत्या त्यांची साखर पुढे हाताबाहेर जाण्याची शक्यता जास्त. २००५ साली त्याहून गंभीर आकडा आला: हिरड्यांचा तीव्र रोग असलेल्या मधुमेह्यांत हृदयविकाराने किंवा मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट. हिरड्यांमुळेच मृत्यू आले असे यावरून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखा हा आकडा नाही.

हे घडते कसे ते थोडक्यात सांगतो. साखर चढी राहिली की पांढऱ्या पेशी मंदावतात, हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, लाळ कमी होते आणि झीज भरून निघत नाही. मग दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल खिसे तयार होतात. गंभीर रोगात या खिशांच्या आतली सोललेली कातडी पसरून मोजली तर आठ ते वीस चौरस सेंटिमीटर भरते असा एक हिशेब आहे. एवढी पू धरलेली जखम पायाला असती तर घरच्यांनी आपल्याला त्याच रात्री इमर्जन्सीत नेले असते! तोंडात ती दिसत नाही आणि बहुधा दुखतही नाही. तिच्यातून दाहाची द्रव्ये रक्तात जात राहतात, ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात आणि साखर आणखी चढते.

मग हिरड्या साफ केल्या तर साखर उतरते का? यावर वाद झाला आणि तो होणे योग्यच होते, कारण ट्रेंटनचा धडा कोणी विसरलेले नव्हते. २०१३ साली अमेरिकेत ५१४ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात काही फरक दिसला नाही. त्यावर टीका अशी की मुळात त्या रुग्णांच्या हिरड्याच पुरत्या बऱ्या झालेल्या नव्हत्या. २०१८ साली लंडनमध्ये २६४ रुग्णांच्या प्रयोगात एका गटावर जास्त कसून उपचार झाले आणि वर्षाअखेर त्या गटाची एचबीए१सी दुसऱ्या गटापेक्षा ०.६ ने कमी निघाली. २०२२ साली कॉक्रेन संस्थेने असे ३५ प्रयोग एकत्र तपासले. तीन-चार महिन्यांनंतरचा सरासरी फरक ०.४३ आला. साडेसातावर वर्षानुवर्षे अडून बसलेल्यांना याची किंमत सांगायला नको. अर्थात यामुळे गोळ्या बंद होत नाहीत, आणि चांगले दात काढून तर काहीच साधत नाही. विषय आहे तो मुळांवरचे कीटण हिरडीच्या खालपर्यंत काढण्याचा, ज्याला इथे 'डीप क्लीनिंग' म्हणतात, आणि त्यानंतर ते पुन्हा साचू न देण्याचा. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने त्याच २०२२ साली आपल्या मधुमेहविषयक सूचनांत हिरड्यांच्या नियमित तपासणीचा समावेश केला.

आपण भारतीय यात कुठे बसतो? लंडनजवळच्या साउथॉलमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आशियाई वस्तीत मधुमेह गोऱ्यांच्या जवळजवळ चौपट आढळला होता. 'पण आम्ही तर बारीक आहोत' या आपल्या लाडक्या युक्तिवादाला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एका छायाचित्राने उत्तर दिले. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मराठी माणसाने स्वतःच्या चरबीचा आकडा जगापुढे मांडण्याचे हे बहुधा पहिलेच उदाहरण असावे.

तेव्हा आता घरातल्या गोष्टी. दंतवैद्याकडे जाताना उपाशी जाऊ नये. रक्त तपासायला उपाशी जायची सवय असल्यामुळे आपले ज्येष्ठ इथेही गोळी घेऊन, पण न खाता जातात आणि खुर्चीतच साखर उतरून घाम फुटतो. सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता आणि औषध नेहमीप्रमाणे घ्यावे. रात्री साखर उतरली म्हणून ग्लुकोजची गोळी चघळली असेल तर नंतर निदान चूळ भरावी. चहा बिनसाखरेचा झाला तरी त्याबरोबरची बिस्किटे आणि अधूनमधून तोंडात टाकली जाणारी साखरेची बडीशेप दातांना चिकटून राहते. सुपारी तर टाळावीच. तोंड कोरडे पडत असेल तर घोट घोट पाणी प्यावे, बिनसाखरेचा च्युइंग गम चघळावा, आणि आपल्या इतर औषधांमुळे कोरड वाढते का ते डॉक्टरांना विचारावे. दोन दातांमधली जागा ब्रशने साफ होत नाही. तिथे फ्लॉस किंवा बारीक ब्रश लागतो. ज्यांना कवळी आहे त्यांनी ती रात्री काढून धुऊन ठेवावी, कारण मधुमेह्याच्या तोंडात बुरशी चटकन धरते. कवळीखाली लालसरपणा किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसले तर दाखवून घ्यावे. तिळाच्या तेलाची चूळ ज्यांना भरायची असेल त्यांनी जरूर भरावी, चरकाचाही तिला पाठिंबा आहे, पण कीटण तिने निघत नाही.

उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावण्याच्या तयारीत असलेल्यांसाठी एक सूचना. पाहुण्यांच्या विम्यात दातांचे काम बहुधा नसते. असलेच तर अपघात किंवा अचानक उठलेली कळ एवढ्यापुरते. हलणारे दात आणि सुजलेल्या हिरड्या तिकडेच, निघण्यापूर्वी महिना-दोन महिने, दाखवून घ्याव्यात. इथल्या ज्येष्ठांपैकी ज्यांच्याकडे फक्त मेडिकेअर आहे त्यांनी जवळच्या दंतवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करावी. विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पैसे पुष्कळ कमी लागतात.

आणि दंतवैद्याच्या फॉर्मवर मधुमेहापुढे जी चौकट असते तिच्यात नुसती खूण करून थांबू नये. २०१८ साली हिरड्यांच्या रोगाची जी नवी जागतिक वर्गवारी झाली तिच्यात मधुमेह आहे आणि एचबीए१सी सात किंवा त्याहून जास्त आहे एवढ्यावरूनच रोगाची प्रत सर्वांत वरची, म्हणजे झपाट्याने वाढणारी, धरतात. तेव्हा चौकटीशेजारी आपला शेवटचा आकडा आणि तपासणीचा महिना लिहावा. तसेच हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असेल, तर ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना पुढच्या खेपेस सांगावे. ते विचारतीलच असे नाही.